गजी बघायला बोलावता, मग चराईचं काय? (माण-खटाव-आटपाडी-जतचे मेंढपाळ आणि वनहक्क)

माणदेशी_पाय

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी माण तालुक्यातला. घरी मेंढरं आहेत, थोरला भाऊ वाड्यावर, म्हणजे मेंढरांसोबत फिरणाऱ्या बिऱ्हाडात असतो, मी साताऱ्यात नोकरीला. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे चराऊ कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय, त्यामुळं आमच्या लोकांना सध्या लई मागणी आलीय. ढोल-कैताळ घेऊन या, गजी म्हणजे आमचा धनगरी नाच खेळून दाखवा, खांद्यावर घोंगडं आणि डोक्याला तांबडा फेटा पाहिजेच, मग फोटो, नारळ, शाल, जेवण. त्यात वाईट काय नाय. म्हातारी माणसं खूश होतात, पोरं रील काढतात. पण तोच माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं कुठं सोडायची या घोरात असतो हे त्या स्टेजवर कुणीच विचारत नाय.

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी थोडक्यात. दिवाळी झाली की आमच्याकडचे वाडे हलतात, कुणी कऱ्हाड-वाळव्याच्या बागायतीत, कुणी कोल्हापूरकडं, कुणी घाट उतरून कोकणात, आणि मिरगाच्या तोंडाला माघारी. वाटेत जी कुरणं, माळ, ओढ्याकाठच्या तळाच्या जागा लागायच्या त्या एकेक करून बंद झाल्या. कुठं लागवड करून तारेचं कुंपण घातलं, कुठं गायरानावर सोलरचं पॅनेल आलं, कुठं पवनचक्कीचा रस्ता गेला, आणि जिथं काहीच नव्हतं तिथं टेंभू योजनेचं पाणी आल्यावर डाळिंब आलं. पाणी आलं ते चांगलंच झालं, त्यासाठी आपल्या दुष्काळी तालुक्यांनी दोन पिढ्या मोर्चे काढलेत. पण माळ पडीक आहे असं धरूनच सगळ्या योजना झाल्या, आणि त्या पडीक माळावर आमची चूल पेटायची हे कुठल्याच नकाशात आलं नाय.

तर विचारायचंय ते हे. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(१) च्या डी क्लॉजमध्ये चराईचा हक्क सरळ लिहिलाय, एका जागी राहणाऱ्यांचा पण आणि फिरणाऱ्यांचा पण, शिवाय भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी वापर पण त्यात धरलाय. म्हणजे कायदा करताना कुणाच्या तरी डोक्यात आम्ही होतो. तरी आमच्या पट्ट्यात वनहक्क म्हटलं की लोक म्हणणार तो गडचिरोली-नंदुरबारचा कायदा, आपल्याला लागू नाय. सातारा-सांगलीत कुणी मेंढपाळांनी चराईचा सामूहिक दावा टाकलाय का? टाकला असेल तर पुरावे काय लावले?

माझं मत आधीच सांगून ठेवतो म्हणजे भांडायला सोपं पडेल. ओव्या, सुंबरान, गजी, भाकणूक हे सगळं वाड्यावर जगणाऱ्या माणसामागं चालत येतं. वाडा मोडला तर ते सांस्कृतिक भवनात जाऊन बसेल आणि वर्षातून एकदा बाहेर निघेल. म्हणून आधी चराई कागदावर आणा, बाकीचं आमचं आम्ही बघतो.

कृष्णाकाठची

वाळवा तालुक्यातून लिहितेय. आमच्या रानात दरसाल मेंढरं बसायची. आजोबा आणि वाड्याचा म्होरक्या बांधावर बसून ठरवायचे, किती रात्री आणि किती ज्वारी, लिहिणं-बिहिणं काही नाही. संध्याकाळी वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, ठोकून मेंढरं आत घ्यायची, दुसऱ्या रात्री वाघर पुढं सरकवायची, असं करत करत सगळं रान लेंड्या-मुतानं सारखं भिजायचं. आजी मात्र कुरकुरायची, कारण वाड्यावरची कुत्री आमच्या कोंबड्यांवर डोळा ठेवून असायची :)

आता ऊस, खोडवा, परत ऊस. रान रिकामं राहतच नाही तर मेंढरं बसवणार कुठं. जो पाला मेंढरं खाऊन खत करून गेली असती तो आम्ही पेटवतो, आणि मग माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब कमी आला म्हणून रिपोर्ट घेऊन दुकानात जाऊन पोती आणतो. गेल्या साली सोयाबीन निघाल्यावर मला वाडा पाहिजे होता, लई फोनाफोनी केली, सगळे आधीच दुसरीकडं बसलेले. म्हणजे मागणी नाही असं नाही, भेट होत नाही. माणदेशी दादा, तुमच्या भावाचा रस्ता आमच्याकडनं जातो का?

माणदेशी_पाय

जातो ताई, पण दोन वर्षं झाली आता पलीकडच्या अंगानं जातो, कारण मधल्या एका गावात रस्त्याकडंला पण थांबू देत नाहीत. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

शिवारातला_दगड

मी उलटं बोलणार आहे, राग मानू नका. मी पण माणचाच. आमच्या गावानं सलग उन्हाळे श्रमदान केलंय, सीसीटी म्हणजे उतारावरचे सलग समतल चर खोदलेत, डोंगरावर गवत पेरलंय. वेळू २०१६ ला वॉटर कप या जलसंधारणाच्या गावस्पर्धेत पहिलं आलं, आपल्या माणची टाकेवाडी २०१८ ला पहिली आली, त्या जोरावर आजूबाजूची गावं पेटून उठली आणि टँकर बंद झाले. या सगळ्याचा पाया काय? चराईबंदी. आदर्श गाव योजनेच्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदी-चराईबंदी उगाच नाही घातली. सीसीटीवर लावलेलं रोप दोन पानांवर असताना मेंढरांचा कळप आला की एका सकाळीत सगळं साफ. आता तुम्ही कायद्यानं चराईचा हक्क आणलात तर आम्ही हातावर फोड आणून केलेलं काम कुणाच्या घशात घालायचं? मेंढपाळ बिचारे गरीब आहेत हे मान्य, पण डोंगर आत्ता कुठं हिरवा दिसायला लागलाय.

वाघरवाली

@शिवारातला_दगड दादा, डोंगर हिरवा झाला याचा आम्हाला पण आनंदच आहे, आम्ही पण त्याच गावाचं पाणी पितो. फक्त चराईबंदीचा ठराव झाला त्या ग्रामसभेला वाड्यावरची किती माणसं होती ते इतिवृत्तात बघून सांगा. ठराव होतो माघ-फाल्गुनात, आम्ही असतो तेव्हा घाटाखाली. ज्येष्ठात माघारी आलो की दंडाची पावती तेवढी हातात मिळते.

आणि आता सगळ्यांना. परंपरा परंपरा लई चाललंय म्हणून मी जरा सांगते, कारण मी लग्नाआधी पण वाड्यावर होते आणि लग्नानंतर पण. पुरुषमाणूस मेंढरामागं जातो, त्याचा फोटो येतो. मागं तळ हलवायचा कुणी? पहाटे उठून भाकरी थापायच्या, रात्री व्यालेल्या मेंढीचं कोकरू डालग्यात ठेवायचं, पाल उतरवायचं, वाघर गुंडाळायची, ती दहिवरानं भिजलेली असली की अशी जड होते की दोघी लागतात उचलायला. मग घोड्यावर बिराड, भांडी, पटकुरं, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळ्यात वर लेकरू, आणि लगाम धरून चालायचं पुढच्या तळापर्यंत, तिथं गेलं की पहिलं पाणी शोधायचं. पाळी आली तरी चालायचं, दिवस गेलेले असले तरी चालायचं. रेशन गावात, दवाखाना ज्या गावात जाऊ तिथला, तिथं गेलं की विचारणार तुम्ही कुठल्या. शाळेत मुलगी पटावर असते, बाकावर नसते.

म्हणून आज मेंढरं राखणाऱ्या पोराला कुणी पोरगी देत नाय. माझी स्वतःची पुतणी म्हणाली मला नोकरीवालाच पाहिजे, मी तिला नाव ठेवलं नाय.

तेव्हा जुनं जसंच्या तसं परत आणा असं मला म्हणायचंच नाय. वाट पाहिजे, कुरण पाहिजे, मेंढरू पाहिजे, पण सोबत फिरती शाळा पाहिजे, जिथं असू तिथं रेशन मिळालं पाहिजे, आणि हक्काच्या कागदावर बाईचं नाव पाहिजे. यातलं काय ठेवायचं, काय सोडायचं ते आम्ही ठरवू. बाहेरचा कुणीतरी येऊन आमचं जगणं किती निसर्गाच्या जवळचं आहे ते आम्हालाच सांगतो तेव्हा मला त्याच्या हातात वाघर द्यावीशी वाटते.

कृष्णाकाठची

वाघरवाली ताई __/\__

फाईलबहाद्दर

महसूल खात्यातून निवृत्त झालोय, त्यामुळं कागदाचं मी बोलतो, बाकी तुमचं चालू द्या.

पहिलं म्हणजे हा कायदा फक्त आदिवासींचा हा समज काढून टाका. कायद्यात दोन गट आहेत, अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी. दुसऱ्या गटाला अट अशी की १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथलं वास्तव्य आणि वनावर अवलंबून असणं दाखवायचं. म्हणजे साधारण १९३० पासूनचं. इथंच लोक घाबरतात, त्यांना वाटतं एवढा जुना सातबारा कुठून आणायचा. पण फिरणाऱ्या माणसाकडं सातबारा नसणारच, म्हणून नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी चांगली मोठी दिलीय, त्यात गॅझेटियर, जनगणना, सर्व्हे-सेटलमेंटचे रिपोर्ट, जुने नकाशे, वनखात्याचे वर्किंग प्लॅन, वंशावळ, गावातल्या वयस्कर माणसांचे लेखी जबाब, देवस्थान, दफनभूमी, विहिरी असं सगळं चालतं, आणि सामूहिक दाव्यासाठी पारंपरिक चराऊ जागा हाच एक पुरावा म्हणून धरलाय. यातले एकाहून जास्त पुरावे लावायचे. साताऱ्याचं इंग्रजांच्या काळातलं गॅझेटियर १८८५ चं आहे, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकोणिसावा खंड, त्यात जातींच्या वर्णनात धनगर मेंढपाळ आहेतच. तेवढ्या एका पानावर दावा उभा राहणार नाही, पण ७५ वर्षांचा प्रश्न निघाला की टेबलावर ठेवायला तो भक्कम कागद आहे.

दुसरं, आणि हे फार कमी लोकांना माहीत आहे. नियम १२ सांगतो की पशुपालक आणि भटक्या जमातींच्या दाव्याची पडताळणी ते लोक किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतील तेव्हाच करायची. वाघरवाली ताईंनी जी माघ-फाल्गुनाची गोष्ट सांगितली तिला कायद्यात हे उत्तर आहे. दावा व्यक्तीनं करावा असं पण नाही, समाजानं किंवा समाजाच्या पारंपरिक पंचायतीनं केला तरी चालतो. शिवाय पशुपालकांचे दावे विचारात घेतले गेलेत का हे बघायचं काम जिल्हा समितीवर टाकलंय, आणि वाट दोन जिल्ह्यांतून जात असेल तर दुसऱ्या जिल्ह्याशी बोलायचं काम पण तिचंच. जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात.

रीत अशी, ग्रामसभा वनहक्क समिती निवडणार, १० ते १५ जणांची, त्यात एक तृतीयांश तरी बायका पाहिजेत. त्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत पण एक तृतीयांश बायका. कोरम मोडला की पुढं कुणीतरी बोट ठेवणार, म्हणून सह्या-अंगठे नीट घ्या. चराईसारख्या सामूहिक हक्काला फॉर्म बी, आणि अख्खं जंगल राखायचा-सांभाळायचा हक्क पाहिजे असेल तर फॉर्म सी. ग्रामसभेकडून उपविभागीय समिती, तिथून जिल्हा समिती. उपविभागीय समितीचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडं जाता येतं.

आता कडू भाग. हे सगळं फक्त वनजमिनीला. गायरान ही महसुली जमीन, तिला हा कायदा लागत नाही. गायरानासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल हाताशी ठेवा, गावाच्या सामाईक जमिनी वाचवा असं त्यात सगळ्या राज्यांना सांगितलंय. पण ती वेगळी लढाई आहे. दोन्हीची खिचडी करून एकच अर्ज दिलात तर फाईल वर्षभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरेल, हे मी स्वतः फिरवलेल्या अनुभवावरून सांगतोय :)

एकच_मिशन

या सगळ्यापेक्षा आधी आरक्षणाचं बोला. एसटीचा दाखला मिळाला की ७५ वर्षांची अटच राहत नाही, विषय संपला. सगळे नेते

संपादक मंडळ

वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे. आरक्षणावर वेगळा धागा आहे, तिथे सातशेच्या वर प्रतिसाद पडलेत, तिथे जा. इथे चराई आणि वनहक्क.

सांगलीचा_फिरस्ता

पवनचक्कीचा विषय निघाला म्हणून सांगतो, नॉर्वेत डिट्टो हेच झालंय. तिकडं सामी म्हणून मूळनिवासी लोक आहेत, रेनडिअर पाळतात, हिवाळ्यात कळप घेऊन ठरलेल्या कुरणात जातात. फोसेन भागात त्यांच्या हिवाळी कुरणावर १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. हे लोक कोर्टात गेले आणि ११ ऑक्टोबर २०२१ ला नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की यानं सामींच्या सांस्कृतिक हक्काचा भंग झालाय, परवाना बेकायदा. लक्षात घ्या, कुरण गेलं म्हणजे संस्कृती गेली असं कोर्ट म्हणालं, नुसती नुकसानभरपाई देऊन मिटवा असं नाही. माणदेशीनं वर जे लिहिलंय त्याच अंगानं.

पुढची गंमत ऐका. निकाल लागून पाचशे दिवस झाले तरी चक्क्या फिरतच होत्या. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये सामी तरुण पोरापोरींनी ऑस्लोत ऊर्जा मंत्रालयात ठिय्या दिला, त्यांचे ते पारंपरिक कपडे घालून, ग्रेटा थनबर्ग पण जाऊन बसली होती. शेवटी सरकारला माफी मागावी लागली. डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये दोन गटांशी समझोते झाले, चक्क्या राहिल्या पण हिवाळ्यासाठी जादा कुरण आणि विजेतला वाटा असं काय काय कबूल झालं.

ढालगावच्या माळावरनं जाताना मला नेहमी हे आठवतं. वनकुसवड्याच्या पठारावर पण चक्क्याच चक्क्या. तिथं चराईचं काय झालं हे कुणी कधी विचारलंय का?

आटपाडकर

नॉर्वे लांब राहिलं हो, तिथं कोर्टाचा निकाल मंत्री वाचतो तरी. आपल्या जिल्ह्यातलं बघा की. खानापूर तालुक्यात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात येरळेवर बळीराजा धरण बांधलं, स्वतः. नदीतली वाळू बाहेरचे ठेकेदार उपसून नेत होते, लोक म्हणाले नदी आमची तर वाळू पण आमची, आणि त्याच वाळूतनं पैसा उभा करून धरणाला लावला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाणी वाटताना घरटी सारखं, ज्याला जमीन नाय त्या भूमिहीन कुटुंबाला पण पाण्याचा हक्क. मुक्ती संघर्ष चळवळ, डॉ. भारत पाटणकर वगैरे मंडळी त्यात होती. समन्यायी पाणीवाटपाची आपल्याकडची मागणी त्याच विचारातनं पुढं आटपाडी-सांगोल्याकडं मोठी झाली.

आणि त्याच्या आधी ह्याच सातारा-सांगलीत १९४३ ते ४६ पत्रीसरकार चाललं, क्रांतिसिंह नाना पाटलांचं, गावोगाव लोकन्यायालयं बसायची. तेव्हा आपला कारभार आपण करायची सवय आपल्या मातीला नवी नाय.

मला खुपतंय ते वेगळंच. भूमिहीनाला पाण्यात वाटा असतो हे ज्या जिल्ह्यानं देशाला दाखवलं त्याच जिल्ह्यात फिरत्या माणसाला गवतात वाटा द्यायचा म्हटलं की आपण कपाळाला आठ्या घालतो.

शिवारातला_दगड

हे लागलं. तरी माझा प्रश्न तसाच आहे, हक्क मिळाल्यावर कळपावर लगाम कोण घालणार? हक्क सगळ्यांना पाहिजे असतो, राखण करायला कुणी नसतं.

फाईलबहाद्दर

@शिवारातला_दगड, हक्कासोबत राखणदारी त्याच कायद्यात आहे. कलम ५ मध्ये वन, वन्यजीव, पाणलोट राखायची जबाबदारी हक्कदारांवर आणि ग्रामसभेवर टाकलीय. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा तिथल्या गोंड लोकांनी आधी नियम केले, कुठला बांबू तोडायचा, कुठला ठेवायचा, आणि मग विकला. आमच्या गावात आम्हीच सरकार म्हणायचं तर पोलीस पण आपणच व्हावं लागतं.

आणि कच्छच्या बन्नी गवताळ पट्ट्यात तर मालधारी पशुपालकांची संघटना स्वतः हरित लवादात गेली, कुरणात नांगर घालून केलेली अतिक्रमणं काढा म्हणून. २०२१ ला लवादानं ती काढायचा आदेश दिला. म्हणजे गवत सगळ्यात जास्त कुणाला पाहिजे असतं? गवतावर ज्याचं पोट आहे त्याला.

माणदेशी_पाय

@शिवारातला_दगड भाऊ, जुनी माणसं हे करतच होती. एका तळावर किती रात्री थांबायचं, कुठल्या अंगाला पाऊस पडून गवत फुलोऱ्यावर येईपर्यंत मेंढरू घालायचं नाय, पवन्या आणि मारवेल कधी चारायचं, कुसळ पिकायच्या आत तो माळ उरकायचा नायतर लोकरीत आणि कातडीत घुसतं, हे सगळं ठरलेलं असायचं. नियम मोडला तर वाड्याचा म्होरक्या बोलायचा, त्याच्यावर बिरोबाची आण. आता थांबायलाच जागा कमी म्हणून जिथं मिळेल तिथं गर्दी होते आणि तिथलं गवत मुळापासनं जातं, मग लोक म्हणतात बघा मेंढरांनी वाट लावली.

अजून एक. आपला माळ म्हणजे उजाड जंगल न्हवं. तो मुळातच गवताचा आहे, तिथं लांडगा, कोल्हा, ससा, तितर-चंडोल राहतात. खड्डे घेऊन तिथं दाट गिरिपुष्प लावलं की फोटोत हिरवं दिसतं, खाली गवत मात्र राहत नाय. आमचं मेंढरू लांडगा नेतो, शिव्या देतो आम्ही, पण लांडगा अजून आहे तो ह्याच माळांवर आणि आमच्याच कळपांच्या आसऱ्यानं आहे.

सणगर_गल्ली

मी म्हसवडकडचा, घरात माग होता. तुम्ही सगळे कुरणाचं बोलताय, मेंढराचं कुणी बोलेना. दख्खनी मेंढरू काळ्या लोकरीचं, काटक, लांब चालणारं. त्याची लोकर कातरायची, पिंजायची, सूत काढायचं, ताणा लावायचा, त्याला चिंचोक्याची खळ, ती खळ कुंच्यानं मारताना जो वास सुटतो तो गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. असं घोंगडं पावसात वरनं ओलं होतं, आत पाणी येत नाय. आज लोकर कुणी फुकट न्यायला तयार नाय, उलट कातरणाऱ्याला पैसे मोजायचे, म्हणून बरेच जण लोकर तिथंच बांधावर टाकून जातात.

त्यात आला माडग्याळ. जत तालुक्यातलं माडग्याळी मेंढरू, उंच, पांढऱ्यावर तांबूस ठिपके, नाक पोपटावानी, अंगाला लोकर नसल्यात जमा, पण मटणाला आणि बाजाराला राजा. नराची किंमत ऐकून कानाला खडा लावाल. मेंढपाळानं त्याच्याकडं वळायचं नाय तर काय करायचं? दोष देत नाय. फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गॅरोळ मेंढीचा जुळ्या कोकरांचा जनुक दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली, म्हणजे आपलंच काटक रक्त ठेवून कोकरं जास्त. असलं काहीतरी पाहिजे ज्यात पोट पण भरेल आणि काळी लोकर पण राहील. नायतर हक्क मिळेल कुरणाचा आणि त्या कुरणात घोंगड्याचं मेंढरूच नसेल.

शहरातले लोक ऑनलाईन घोंगडं मागवतात आणि म्हणतात टोचतं. टोचणारच, ते खरं आहे म्हणून टोचतं.

वाघरवाली

सणगर दादा, खळीचा वास वाचूनच आला :) लोकरीचं असं करा, वाडे ज्येष्ठात माघारी आल्यावर एका जागी कातरणी ठेवा, बायकांचे बचतगट लोकर वजनावर घेतील. माणच्या बायकांनी १९९७ मध्ये स्वतःची सहकारी बँक काढलीय म्हसवडात, लिहिता-वाचता येत नाय म्हणून परवाना नाकारला होता तर तोंडी व्याजाचा हिशोब करून दाखवून आणलाय. त्यांना लोकरीचं दुकान अवघड नाय.

माणदेशी_पाय

बरं, एवढं सगळं वाचून मी आणि भावानं फोनवर असं ठरवलंय. आत्ता वाडे बाहेर आहेत, म्हणून आत्ता अर्ज करायचा नाय. चालता चालता भाऊ आणि दोन-तीन वाडे मोबाईलवर प्रत्येक तळाचं ठिकाण टिपणार, पाणी कुठलं, कुठल्या महिन्यात, कुणाचं गाव, वनजमीन का गायरान ते मी साताऱ्यात बसून नकाशावर बघणार. फाईलबहाद्दर काका म्हणतात तसं दोन्ही ढीग वेगळे. वाटेवरची मरीआई, म्हसोबा, आमच्या माणसांच्या समाध्या यांचे फोटो. आरेवाडीच्या बिरोबाला आणि खरसुंडीला चारी तालुक्यांचे वाडे भेटतात, तिथं बाकीच्यांच्या कानावर घालायचं. ज्येष्ठात माघारी आले की ग्रामसभेची मागणी लेखी द्यायची, पोच घ्यायची, आणि वनहक्क समितीत वाड्यावरच्या बायका घ्यायच्या, नावापुरत्या नाय.

@शिवारातला_दगड भाऊ, तुम्ही पण त्या ग्रामसभेला या. सीसीटीचा कुठला भाग किती वर्षं बंद ठेवायचा ते तुम्ही सांगा, आम्ही आमच्या ठरावात लिहून घेतो.

शिवारातला_दगड

येतो. पण लिहून घ्यायचं, तोंडी नको. नवीन लागवडीला तीन पावसाळे तरी बंद, आणि त्या बदल्यात गावानं चराईबंदीचा जुना ठराव पुन्हा चर्चेला घ्यायचा, असं मी आमच्या लोकांशी बोलून बघतो. सगळे ऐकतील याची गॅरंटी नाही.

फाईलबहाद्दर

वयस्कर माणसांचे जबाब आत्ताच घ्यायला लागा, ज्येष्ठापर्यंत थांबू नका. दावा ज्यांचा आहे त्यांच्याच घरातल्या म्हाताऱ्याचा जबाब धरत नाहीत, म्हणून वाटेवरच्या गावांतले शेतकरी बघा. कृष्णाकाठच्या ताईंच्या आजोबांसारखे कुणी असतील तर उत्तम, "आमच्या रानात यांच्या बापाची, आज्याची मेंढरं बसायची" एवढं सही-साक्षीनं लिहून आलं तरी लई वजन पडतं.

कृष्णाकाठची

आजोबा नाहीत आता. आजी आहे, नव्वदीच्या पुढं, सगळं आठवतंय, कोंबड्यांसकट. चालेल का?

फाईलबहाद्दर

पळेल. दोन साक्षीदार आणि आधार कार्ड तयार ठेवा, मजकूर व्यनि करतो.

वाघरवाली

आणि ग्रामसभा दुपारी ठेवू नका. मेंढरं सोडायच्या आत सकाळी सातला ठेवा, नायतर कोरमला आमच्यातलं कुणी मिळायचं नाय.